मशीनसारखे टाके

आमच्या जिन्याखालच्या कपाटात एक लोकरीचा सदरा टांगलेला आहे. करड्या रंगाचा, गुडघ्यापर्यंत येणारा, डोक्यातून घालायचा. त्याच्या बाह्यांना, गळ्याला आणि खालच्या घेराला जे टाके दिसतात ते माझे आहेत. लांब-आखूड, वाकडेतिकडे, कुठे दोरा ताणला गेलाय तर कुठे सैल सुटलाय. आत मात्र, जिथे कुणी बघत नाही, तिथे अजून बाबांचे टाके शिल्लक आहेत. ज्या मंडळासाठी हा सदरा शिवला, तिथल्या लोकांना खरं काय ते मी नंतर सांगून टाकलं. ते हसले, वाईट वाटलं म्हणाले आणि विषय संपला. माझ्या बाजूने तो संपलेला नाही, म्हणून हे लिहितोय.

इंग्लंडमध्ये, लेस्टरला येऊन मला चौदा वर्षं झाली. पुण्याहून आलेल्या सॉफ्टवेअरवाल्याचं जसं होतं तसंच माझं झालं. आधी भाड्याची खोली, मग सेमी-डिटॅच्ड घर, मग पासपोर्ट, आणि मग रविवारी करायला काही नाही. ऑफिसातला एक सहकारी मला त्याच्या व्हायकिंग मंडळात घेऊन गेला. हे लोक एका खेड्यातल्या हॉलमध्ये जमतात आणि उन्हाळ्यात मैदानावर तंबू ठोकून हजार वर्षांपूर्वीची माणसं जशी राहत तशी राहून दाखवतात. लाकडी ढालींनी लढतात, मातीच्या भांड्यात लापशी शिजवतात, बघायला आलेल्यांच्या प्रश्नांना उत्तरं देतात. दाढ्या वाढवलेले इलेक्ट्रिशियन, दोन नर्स, एक निवृत्त पोस्टमन. मी गेलो होतो गंमत बघायला आणि पुरता अडकलो.

पहिल्याच दिवशी कुणीतरी प्रेमाने सुचवलं, व्हायकिंग लोक थेट बगदादपर्यंत व्यापाराला जात, तेव्हा तू पूर्वेकडचा व्यापारी हो, रेशमी पगडी वगैरे छान दिसेल. माझं डोकं फिरलं. चौदा वर्षं मी "पण मूळचा कुठला?" या प्रश्नाला हसून उत्तर देत आलोय. हजार वर्षं मागे गेलो तरी तेच का? मी म्हटलं, मला साधा शेतकरी व्हायचंय, इथलाच, यॉर्कच्या बाजूचा. ते म्हणाले, जरूर. माणसं चांगली होती. त्यांच्यावर रागावण्यासारखं काहीच नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो.

साध्या शेतकऱ्याला लागतं तरी काय? आत लिननचा सदरा, वर लोकरीचा, ढगळ विजार, पोटऱ्यांना गुंडाळायच्या लोकरी पट्ट्या, चामड्याचे मऊ जोडे आणि कमरेला अरुंद पट्टा. खिसा नाही, बटण नाही. चष्मासुद्धा काढून ठेवायचा. जोडे आणि पट्टा विकत घेतला तर चालतो. पण कपड्यावर बाहेरून दिसणारा प्रत्येक टाका हाताचा हवा, हा नियम. आणि नियमापेक्षा कडक अशी एक रीत होती: पहिला लोकरीचा सदरा ज्याचा त्याने शिवायचा. जुने लोक शिकवतील, शेजारी बसतील, पण सुईला हात लावणार नाहीत. नवीन माणूस दर आठवड्याला व्हॉट्सॲपवर फोटो टाकतो, इतका झाला, तितका झाला, आणि सगळे त्याचं कौतुक करतात.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये बाबा आमच्याकडे सहा महिन्यांसाठी आले. आई गेल्यापासून ते ताईकडे, आमच्या तालुक्याच्या गावीच राहतात. बाबा शिंपी. एका कापड दुकानाच्या ओट्यावर मशीन टाकून त्यांनी पन्नास वर्षं गावाचे कपडे शिवले, कडांची तुरपाई मात्र कायम हाताने केली. ऑफिसात कुणी विचारलं तर मी सांगायचो, वडील टेक्स्टाइलमध्ये होते. शब्दाला शब्द धरला तर खोटं नाही. शिंपी म्हणजे टेक्स्टाइलमध्येच की.

मागवलेली लोकर आली तेव्हा मी पाकीट पुरतं फोडायच्या आत बाबांनी कापड हातात घेतलं होतं. दोन बोटांत चोळलं, उजेडाला धरलं, कडेचा एक धागा ओढून काढला आणि गॅसवर धरला. स्वयंपाकघरातला स्मोक अलार्म कोकलायला लागला. बायको धावत आली, मी टॉवेल हलवत स्टुलावर चढलो, आणि बाबा त्या गोंधळात शांतपणे बोटांवरच्या राखेचा वास घेऊन बघत होते.

"केस जळल्याचा वास आहे. अस्सल लोकर," ते म्हणाले. "फसवलं नाही तुला."

मग त्यांनी मी छापून आणलेली आकृती बघितली. ती उलटी-सुलटी केली. पुढचं-मागचं अंग एकाच लांब तुकड्याचं, बाह्या सरळ, काखेत एकेक चौकोनी तुकडा, बाजूंना खाली रुंद होत गेलेल्या कळ्या.

"अरे, हा तर आपला कळीचा सदरा," बाबा म्हणाले. "माझे वडील शिवायचे असले. कापड वाया जात नाही यात. हे लोक कुठले म्हणालास?"

"उत्तरेकडचे. समुद्रावरचे."

"हुशार होते."

मी रीतसर सुरुवात केली होती. बाबांनी गालिच्यावर कापड पसरून मला बेतून दिलं, मी सुई घेऊन बसलो. अर्ध्या तासात वीतभर शिवण झाली. बाबा समोर बसून गप्प बघत होते. गवयासमोर कुणी बेसूर गात बसावं तसा त्यांचा चेहरा झाला होता. शेवटी त्यांनी हात पुढे केला.

"आण इकडे."

मी दिला. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं.

आणि बाबा बदलले. तोवर ते आमच्या घरात पाहुण्यासारखे राहत होते. टीव्ही लावून दिला तर बघायचे, बंद केला तर खिडकीतून बस मोजायचे. आता सकाळी आंघोळ करून, बॅगेच्या तळातून काढलेलं अंगुस्तान बोटात घालून, ते खिडकीशी खुर्ची ओढून बसायला लागले. दोऱ्याला मेण लावायचं, सुईत ओवायचा, आणि मग मान खाली. बायकोने दोनदा हाक मारली तरच चहाला उठायचे. एकदा मला म्हणाले, "चार वर्षं झाली रे, सबंध कपडा हाताखालून जाऊन. गावात सगळे रेडिमेड घेतात आता. ताईकडे बसून मी उशांचे अभ्रे शिवतो." शहात्तर वर्षांचा माणूस तीन आठवडे इतका खुशीत होता की मला स्वतःचा अभिमान वाटायला लागला, जणू त्यांच्या खुशीची सोय मीच केली होती.

मग व्हॉट्सॲपवर कुणीतरी विचारलं, तुझा सदरा कुठवर आला?

मी बाबांच्या हातातली बाही घेतली, मांडीवर ठेवली, सुई चिमटीत धरली आणि बायकोला म्हटलं, फोटो काढ. बाबांना वाटलं, मी सदऱ्याचा फोटो काढून घेतोय. त्यांनी कौतुकाने खुर्ची बाजूला सरकवली, उजेड नीट यावा म्हणून.

बायकोने फोटो काढला आणि स्वयंपाकघरात आल्यावर म्हणाली, "शर्टचं बटण तुटलं तर तू शर्ट बदलतोस. बोटाला एक प्लास्टर पण लाव, म्हणजे ऑथेंटिक वाटेल."

"अगं, रीत आहे त्यांची. नवीन माणसानेच शिवायचं असतं."

"मग लिही ना, माझे वडील टेलर आहेत, त्यांना राहवलं नाही. दे विल लव्ह इट."

तिचं खरं होतं. हे मलाही कळत होतं की ते लोक बाबांना डोक्यावर घेतील. तरी मी लिहिलं नाही. रीत मोडली म्हणून नव्हे. टेक्स्टाइलचा टेलर करावा लागला असता, म्हणून. सेहेचाळीस वर्षांचा झालो, केस पांढरे झाले, आणि अजून मला तो एक शब्द चारचौघांत उच्चारता येत नव्हता. फोटोखाली मंडळींनी वाहवा केली. मी प्रत्येकाला थँक यू लिहिलं.

जूनच्या पहिल्या रविवारी कपडे तपासणी होती. ती करणारी बाई इतिहासाची निवृत्त शिक्षिका, मृदू बोलणारी, गळ्यात दोरीला लावलेलं भिंग. चष्मा काढल्यामुळे मला तिचा चेहरा धूसर दिसत होता. तिने पोटऱ्यांच्या पट्ट्या बघितल्या, जोडे बघितले, सदऱ्याच्या कळ्या हातात धरून म्हणाली, इतकं सुंदर बेतलेलं मी फार दिवसांनी बघतेय. मग खाली वाकून तिने घेराची कड भिंगाखाली धरली. बराच वेळ धरली. बाहीची कड बघितली, गळा बघितला. भोवती पाच-सहा जण उभे होते.

"हे मशीनचं आहे, नाही का?" तिने अगदी हळू विचारलं.

मला आधी कळेचना.

"बघ, प्रत्येक टाका सारखा आहे. एका मापाचा, एका अंतरावर. हात असा चालत नाही. निदान पहिल्या सदऱ्याला तरी नाही." आणि मग, मला लाज वाटू नये म्हणून, "खूप जण करतात. लाजण्यासारखं काही नाही. फक्त खरं सांगावं."

आता सांगायचं होतं. एवढंच सांगायचं होतं की बाई, ज्या हाताने हे टाके घातले तो पन्नास वर्षं हेच करतोय, तो माझ्या बापाचा हात आहे, आणि तो बाप आत्ता इथून वीस मिनिटांवर खिडकीत बसून वाट बघतोय. तिने आनंदाने उडीच मारली असती. पण मग तो फोटो? मग इतके दिवस घेतलेली शाबासकी? मला डोळ्यांसमोर ते सगळे धूसर चेहरे माझ्याकडे वळलेले दिसले.

"हो," मी म्हटलं. "मशीनचंच आहे. सॉरी."

तिने माझ्या दंडावर थोपटलं. खरं बोलल्याबद्दल माझं अभिनंदन केलं. दिसणारे सगळे टाके उसवून हाताने घालायचे आणि पंधरा दिवसांनी परत दाखवायचं, असं ठरलं. पन्नास वर्षांच्या कसबाला मी एका शब्दात मशीन करून टाकलं आणि वर प्रामाणिकपणाची शाबासकी घेऊन घरी आलो.

बाबांनीच दार उघडलं. "झालं का पास?"

इथे जे झालं त्याला मी आजवर कारण शोधतोय. त्यांना मशीनचं सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, मग सांगायचं ना, हाताचं आहे म्हणून. मग मला बाकी सगळं सांगावं लागलं असतं. म्हणून दारातच, जोडे काढता काढता, मी म्हटलं, "थोडे टाके परत घालायला सांगितलेत. काही वाकडे गेलेत म्हणे."

"वाकडे?"

"असं म्हणाले ते."

बाबांनी सदरा घेतला आणि खिडकीशी गेले. घेर बोटांतून पुढे सरकवत पूर्ण फिरवला. एकदा, मग परत एकदा. "कुठे?" ते म्हणाले. मी म्हटलं, त्यांनी नेमकं दाखवलं नाही. "मी घालून देतो परत." मी म्हटलं, नको, आता मलाच घालायला सांगितलंय. ते हो म्हणाले आणि अंगुस्तान काढून ठेवलं.

मी पुढचे दोन शनिवार, भर दुपारी, जेवणाच्या टेबलाशी बसून बाबांचे टाके उसवले. ते इतके बारीक होते की कात्रीचं टोक आत शिरेना. एकही टाका आपणहून सुटला नाही, प्रत्येक कापावा लागला. त्याच्या जागी माझे घातले. बाबा त्या दोन्ही शनिवारी आपल्या खोलीत झोपून राहिले. दुपारी झोपायची त्यांना कधी सवय नव्हती.

सदरा पास झाला. बाईने भिंगातून माझे टाके बघितले आणि म्हणाली, आता कसं, हे खऱ्या हाताचं काम. मी घरी आल्यावर बाबांनी विचारलं आणि मी पास म्हणून सांगितलं. त्यांना बरं वाटेल अशी माझी कल्पना! त्यांनी सदरा मागितला. चष्मा पुसला, बाहीची कड डोळ्यांजवळ नेली, लांब नेली.

"हे पास केले त्यांनी?"

"हो."

"मला तर हे वाकडे दिसतायत," बाबा म्हणाले. कुरकुर नव्हती, हिशेब चुकला की आपण परत बेरीज करतो तसा आवाज होता. "आणि माझे सरळ दिसत होते. म्हणजे माझी नजरच गेली म्हणायची."

मी तोंड उघडलं. बायको दारात उभी होती, माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "वयाने होतं थोडंफार, बाबा."

ऑक्टोबरमध्ये ते परत गेले. मधल्या चार महिन्यांत त्यांनी सुई हातात धरली नाही. बायकोने मुद्दाम पडद्याची कड शिवायला दिली तर म्हणाले, बाहेर दे सूनबाई, माझ्याच्याने बिघडेल. ती माझ्याशी आठवडाभर कामापुरतं बोलली. "तू सांगणार आहेस की मी सांगू?" असं तिने एकदाच विचारलं. मी म्हटलं, मी सांगतो. आणि बाबांना विमानात बसवून आलो.

जानेवारीत ताईचा फोन आला. बाबांनी मशीन देऊन टाकलं. कात्र्यासुद्धा. तिच्या घराशेजारी ब्लाउज शिवणारी एक मुलगी राहते, तिला बोलावून सगळं उचलून न्यायला सांगितलं. ताईने विचारलं तर म्हणाले, तिकडच्या लोकांनी माझा माल परत केला. पन्नास वर्षांत कुणी केला नव्हता. ताईने त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. डॉक्टर म्हणाला, आजोबा, या वयात इतकी चांगली नजर मी बघितली नाही. तर घरी येऊन म्हणाले, मग हातच गेला असेल.

"झालं काय होतं रे तिथे?" ताईने विचारलं. मी म्हटलं, त्यांना फोन दे.

शनिवारची सकाळ होती, तिकडे दुपार. पडद्यावर बाबांचं कपाळ आणि पंखा दिसत होता. मी सगळं सांगितलं. फोटोपासून सांगितलं. मध्ये थांबलो असतो तर पुढे गेलो नसतो, म्हणून थांबलो नाही.

"मशीन म्हणाली?" बाबांनी विचारलं.

"हो."

"भिंग लावून बघितलं, आणि मशीन म्हणाली?" फोन हलला, पूर्ण चेहरा आला. ते हसत होते. "अगं ए, ऐकलंस का? माझ्या हाताला मशीन म्हणाली ती बाई!" ताई काहीतरी बोलली. बाबांनी मला परत विचारलं, कुठली कड बघितली, घेराची की गळ्याची, आणि मी सांगितलं तसे परत हसले. त्या मुलीकडून निदान कात्री तरी परत आणायला हवी म्हणाले. मलाही हसू आलं. वाटलं, निभावलं.

"मग तू काय म्हणालास तिला?"

"मी म्हटलं, हो. मशीनचंच आहे."

बाबांचं हसू ओसरलं. मला वाटलं आता रागावतील, आणि रागावले तर फार बरं होईल असंही वाटलं. मी म्हटलं, "बाबा, मला लाज वाटली सांगायची. तुम्ही शिवलं म्हणून."

"ठीक आहे रे," ते म्हणाले. माझी समजूत घालत होते. "चारचौघांत तुझी पंचाईत झाली असती. तू शाळेत असताना पोरांबरोबर दुकानावरून जायचास ना, तेव्हा मी मान वर करायचोच नाही. चपला ओळखायचो तुझ्या. त्या दिसल्या की तुम्ही पुढे जाईपर्यंत खाली बघून टीप मारत राहायचो. कापड नसलं मशीनखाली तरी मारायचो. म्हटलं, उगाच पोराला ओळख दाखवावी लागायला नको."

त्या ओट्यासमोरून मी सहा वर्षं शाळेत गेलो आणि आलो. बाबा कामात असतात, त्यांना मी दिसत नाही, अशी माझी खात्री होती.